तीनशे पस्तीस: इलिनॉयचे प्राध्यापक आणि आपलं सोयाबीन

(एपिसोडमध्ये जे बोलले तेच थोडं आवरून इथे दिलंय. हेडफोन सापडत नसेल तर वाचून काढा.)



लातूर, वाशिम, अकोला, यवतमाळ, परभणी या बाजूचं कोणी ऐकत असेल तर त्यांना 'तीनशे पस्तीस' म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. जेएस ३३५ हे सोयाबीनचं वाण आहे. १९९४ साली ते अधिकृतपणे बाजारात आलं आणि पुढची कित्येक वर्षं मध्य भारतातल्या काळ्या जमिनीवर त्याचीच चलती होती. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभं राहून नुसतं "तीनशे पस्तीसच्या चार बॅगा द्या" म्हटलं की पुरे. पिकाचं नावसुद्धा घ्यावं लागायचं नाही.

आता त्यातल्या 'जेएस'चा अर्थ बघा. जवाहर सोयाबीन. जवाहर म्हणजे जबलपूरचं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. हे विश्वविद्यालय १९६४ साली उभं राहिलं तेव्हा त्याच्या पाठीशी अमेरिकेतली एक युनिव्हर्सिटी होती, इलिनॉय युनिव्हर्सिटी. (स्पेलिंगच्या शेवटी 'स' असतो, पण तो म्हणत नाहीत. इलिनॉय.) आणि इलिनॉय म्हणजे अमेरिकेतल्या सोयाबीन पट्ट्याचा मधला भाग.

म्हणजे वाशिमच्या वावरातल्या पिकाचं एक मूळ तिकडे आहे. ते इकडे कसं आलं? कोणी कंपनीने आणलं नाही. आणलं प्राध्यापकांनी. विद्यापीठाने विद्यापीठाशी करार केला, तिकडचे मास्तर इकडे दोन-दोन वर्षं बायकामुलांसकट येऊन राहिले, इकडची तरुण मंडळी तिकडे जाऊन एमएस-पीएचडी करून परत आली. आज आपण 'एक्सचेंज प्रोग्राम' म्हटलं की एका सेमिस्टरचे इन्स्टाग्रामवरचे फोटो आठवतात. हा प्रोग्राम वेगळ्या जातीचा होता. त्यात देशाच्या पोटाचा प्रश्न होता, अमेरिकेचं राजकारण होतं, आणि एक गोष्ट अशी होती की जी इतकं सगळं करूनही इकडे आलीच नाही. मला आज मुख्यतः त्या न आलेल्या गोष्टीबद्दल बोलायचंय. पण आधी जे आलं ते.

जरा मागे जाऊ. १८६२ साल. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे आणि अब्राहम लिंकन जुलै महिन्यात एका कायद्यावर सही करतात. मॉरिल कायदा. प्रत्येक राज्याला सरकारी जमीन द्यायची, ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढायची. म्हणून यांना 'लँड ग्रँट' कॉलेज म्हणतात. ही 'सरकारी' जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे तिकडच्या विद्यापीठांनी आत्ता आत्ता उघडपणे बोलायला सुरुवात केलीय. १८८७ मध्ये या कॉलेजांना संशोधन केंद्रं जोडली गेली. आणि १९१४ मध्ये स्मिथ-लीव्हर कायदा आला, ज्याने तिसरं काम दिलं: विद्यापीठात जे कळलं ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन पोचवायचं. त्यासाठी प्रत्येक काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, एक माणूस नेमला गेला. काउंटी एजंट. त्याची नाळ थेट विद्यापीठाशी. शिकवणं, शोधणं, पोचवणं ही तीन कामं एकाच छपराखाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडची पोरं या कॉलेजांत फार आधीपासून जात होती, पण स्वतःच्या हिमतीवर. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे त्यातलं सगळ्यात सिनेमॅटिक नाव. अमेरिकेत पॅसिफिकच्या बाजूच्या राज्यांत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले, इंग्रजांचा ससेमिरा चुकवत अखेर मेक्सिकोत पोचले आणि तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलंय. त्यांच्यावर अख्खा एपिसोड करायचाय, म्हणून आज इथेच थांबते.

सरकारी पातळीवर चक्र फिरलं ते १९४९ मध्ये. २० जानेवारीला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी शपथविधीच्या भाषणात परराष्ट्र धोरणाचे चार मुद्दे सांगितले. चौथा मुद्दा असा की आमच्याकडचं तांत्रिक ज्ञान आम्ही गरीब देशांना देऊ. त्यावरून या योजनेचं नावच 'पॉइंट फोर' पडलं. हे काही निव्वळ परोपकार नव्हतं. त्याच वर्षी चीनमध्ये माओ सत्तेवर आले. भुकेला देश कम्युनिस्ट होतो, असं वॉशिंग्टनमध्ये पक्कं मानलं जात होतं, आणि आशियातला दुसरा मोठा भुकेला देश आपण होतो.

पण योजना चालवायला माणूस कुठला निवडला बघा. हेन्री बेनेट. मुत्सद्दी नाही, लष्करी अधिकारी नाही. ओक्लाहोमाच्या शेती कॉलेजचे अध्यक्ष. ते १९५१ च्या डिसेंबरमध्ये इराणमध्ये विमान अपघातात गेले, पण विद्यापीठाने विद्यापीठ उभं करायचं ही कल्पना राहिली.

भारतात सुरुवात झाली अलाहाबादला. तिथे सॅम हिगिनबॉटम या मिशनऱ्याने १९१० मध्ये काढलेली कृषी संस्था होती. १९५२ मध्ये इलिनॉयने तिच्याशी करार केला. इकडे दिल्लीतही जमीन तयार होत होती. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली होती. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री होते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख. १९५५ मध्ये भारतीय आणि अमेरिकन तज्ज्ञांची एक संयुक्त समिती बसली, तिचे प्रमुख होते के. आर. दामले. त्याच सुमाराला पाच अमेरिकन विद्यापीठांनी देश जणू वाटून घेतला: इलिनॉय, ओहायो स्टेट, मिसुरी, कॅन्सस स्टेट आणि टेनेसी. पेन्सिल्व्हेनिया स्टेट नंतर आलं. त्याच्या वाट्याला कोण आलं असेल? महाराष्ट्र.

यातली सर्वात मजेशीर व्यक्ती मला वाटते एच. डब्ल्यू. हॅना. हे इलिनॉयचे प्राध्यापक, विषय शेतीविषयक कायदा. म्हणजे धड शेतकरी नाही, धड शास्त्रज्ञ नाही. यांनी १९५६ मध्ये भारतातल्या ग्रामीण विद्यापीठाचा एक आराखडा लिहिला. जमीन किती हवी, कुलगुरूंचे अधिकार काय, पैसे कुठून येणार. कायद्याचा माणूस असल्याचा फायदा इथे झाला. कारण खरी अडचण गहू कसा पेरायचा ही नव्हतीच. कॉलेज कृषी खात्याच्या ताब्यात, परीक्षा दूरच्या शहरातल्या विद्यापीठाच्या ताब्यात, संशोधन केंद्र तिसऱ्याच्या ताब्यात, अशी खिचडी होती. ती कागदावर सोडवायला वकीलच लागणार होता.

त्या आराखड्यातून १७ नोव्हेंबर १९६० रोजी नेहरूंच्या हस्ते देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ सुरू झालं, आजचं पंतनगर. नैनिताल जिल्ह्याच्या पायथ्याचा तराई भाग. मलेरियामुळे तिथे थारू आणि बुक्सा या जमातींशिवाय फारसं कोणी टिकत नसे. डीडीटी आलं, जंगल तोडलं गेलं, फाळणीनंतर आलेले निर्वासित तिथे वसवले गेले, आणि तिथल्याच मोठ्या सरकारी फार्मवर विद्यापीठ उभं राहिलं. जमीन हजारो एकर. आपल्या आजच्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या कॅम्पसशी तुलना करू नका, रडू येईल.

तिथे काय बदललं? बाहेरून परीक्षक येऊन पेपर तपासायची पद्धत गेली. जो शिकवतो तोच तपासतो. वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा असण्याऐवजी सत्रं आली, ग्रेड आले. शेतावर काम करणं हा अभ्यासक्रमाचाच भाग झाला. आज तुमच्या गावात दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलंमुली येतात, पेपरात 'कृषिदूतांचे मार्गदर्शन', 'कृषिकन्यांनी दिले प्रात्यक्षिक' अशा बातम्या येतात ना, त्या प्रथेमागचा विचार याच घराण्यातला आहे: कृषी पदवीधराने चिखलात पाय घातलाच पाहिजे.

आणि याच पंतनगरात, थोड्या अंतराने जबलपुरातही, १९६० च्या दशकाच्या मध्याला पिवळ्या सोयाबीनच्या चाचण्या सुरू झाल्या.

इथे एक गंमत आहे. पंतनगरच्या डोक्यावरच कुमाऊंचे डोंगर. तिथले लोक पिढ्यानपिढ्या 'भट' नावाचं काळं कडधान्य खातात. ते काय आहे? सोयाबीनच. पहाडी घरात शिजणारं, भातावर घ्यायचं. म्हणजे सोयाबीन अमेरिकेने भारताला 'दिलं' हे वाक्य अर्धंच खरं. दिली ती पिवळी, जास्त उतारा देणारी वाणं. ब्रॅग हे त्यातलं एक नाव जुन्या जाणत्या शेतकऱ्यांच्या लक्षात असेल.

सुरुवातीला अडलं ते मुळांपाशी. सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात, त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहून हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. पण सोयाबीनला चालणारा जिवाणू आपल्या बहुतेक जमिनींत पुरेसा नव्हता. पीक उभं राहायचं, गाठी धरायच्या नाहीत. मग बियाण्याला जिवाणूचं कल्चर चोळून पेरायचं, हे शिकवावं लागलं. आज तुम्ही पेरणीआधी जी बीजप्रक्रिया करता, पाकीट फोडून गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला लावता, ती या पिकाच्या पहिल्या दिवसापासूनची अट आहे. बियाणं परदेशातून मागवता येतं, पण त्याची सोबतही मागवावी लागते.

१९६७ मध्ये सोयाबीनसाठी अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. हेतू काय होता? तेल नव्हे. हेतू होता ताटातलं प्रथिन. सोयाबीनमध्ये साधारण ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं. १९६५ आणि ६६ ही लागोपाठ दोन दुष्काळी वर्षं, पीएल ४८० खाली अमेरिकन गव्हाची जहाजं, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ती जहाजं हात आखडून सोडतायत. (७२ च्या दुष्काळातली 'मिलो' ज्वारी आजीला विचारा, अजून तोंड वाकडं करेल.) अशा काळात प्राध्यापकांचं गणित सरळ होतं: डाळ महाग, मांस-अंडी गरिबाला परवडत नाहीत, तर एकरी इतकं प्रथिन देणारं पीक घरोघरी शिजू दे. सोया दूध, सोया पीठ, सोयाच्या वड्या, सगळ्यावर प्रयोग झाले.

आपण ते खाल्लं का? फारसं नाही. भट खाणाऱ्या पहाडात पिवळं सोयाबीन वेगळं लागलं, आणि तूर-मूग खाणाऱ्या माळव्यात त्याचा वास नको झाला. डाळीसारखं पटकन शिजतही नाही. मग पीक वाढलं कसं? कारण माळव्यातला शेतकरी काळ्या जमिनीत पावसाळ्यात बऱ्याचदा काही पेरतच नसे. चिखलात औत चालायचं नाही, रान पड ठेवायचं आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा. सोयाबीन त्या मोकळ्या खरिपात नेमकं बसलं. तीन-सव्वातीन महिन्यांत निघतं, रब्बीला रान मोकळं. आणि इंदूरच्या आसपास तेल काढणारे कारखाने उभे राहिले. तेल देशातल्या कढईत गेलं, पेंड परदेशातल्या कोंबड्यांना गेली, डॉलर आले. गरिबाच्या ताटासाठी आणलेलं प्रथिन असं बोटीत बसून निघून गेलं.

१९७० च्या आसपास देशात सोयाबीन होतं जेमतेम तीस हजार हेक्टर. आज सव्वा कोटी हेक्टरच्या घरात आहे, त्यातलं चाळीस लाखांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. विदर्भ आणि मराठवाड्यात ज्वारी, मूग, उडीद आणि काही भागात कापूसही याने मागे सारला. हे चांगलं की वाईट यावर मोंढ्यात बसून तासभर भांडता येईल. हातात रोख पैसा देणारं पीक मिळालं हे खरं, आणि घरची ज्वारी, कडबा, कडधान्य गेलं हेही खरं.

आता त्या न आलेल्या गोष्टीकडे.

अमेरिकन प्राध्यापकांनी आणलेल्या तीन कामांपैकी शिकवणं रुजलं. संशोधनही रुजलं. काही राज्यांत कृषी खात्याने कुरकुर केली, पण संशोधन केंद्रं हळूहळू विद्यापीठांकडे आली. तिसरं काम, पोचवणं, त्याला आपण 'विस्तार' म्हणतो, ते मात्र बहुतेक राज्यांनी सोडलं नाही. का सोडतील? २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला होता, गावोगावी ग्रामसेवक नेमले जात होते. ज्याच्या हातात गावागावातला कर्मचारी, बियाणं, खत, कर्ज आणि अनुदानाचा कागद, त्याच्या हातात तालुक्याचं राजकारण. कुठलं खातं आणि कुठला मंत्री ते उचलून एखाद्या कुलगुरूला देईल?

माझं मत सांगते. हे प्रोग्राम ज्ञान नेऊ शकत होते, सत्ता नेऊ शकत नव्हते. शिकवणं आणि शोधणं हे ज्ञानाचं काम होतं, म्हणून ते विमानात बसून आलं. विस्तार हा अमेरिकेतही राजकारणातूनच ठरलेला मामला होता, आणि आपल्याकडे ते राजकारण वेगळं होतं. हे अमेरिकन मंडळींना कळत नव्हतं असं नाही. त्यांचे सल्लागार पुन्हा पुन्हा हेच सांगत होते की तिन्ही कामं एकत्र ठेवा, नाहीतर अर्धाच फायदा होईल. पण करारातला पाहुणा यजमानाच्या घरातली वाटणी करू शकत नाही.

म्हणून आपल्याकडे चित्र असं आहे: वाण काढणारा शास्त्रज्ञ कृषी विद्यापीठाचा पगार घेतो, तुमच्या गावात येणारा कृषी सहायक राज्याच्या कृषी विभागाचा, आणि दोघांचे साहेब वेगवेगळे. मधली फट बुजवायला १९७४ पासून कृषी विज्ञान केंद्रं आली, पहिलं पुदुच्चेरीला. काही केंद्रं उत्तम चालतात. पण जिल्ह्याला एखाद-दुसरं केंद्र आणि शेतकरी लाखांनी. मग उरलेली जागा कोणी भरली? कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरच्या माणसाने. "पानं पिवळी पडलीत" म्हणून फोटो दाखवला की तो बाटली काढून देतो. तोच आपला काउंटी एजंट.

याची किंमत कशी मोजायची? २०२० चा खरीप आठवा. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारोंनी तक्रारी झाल्या, दुबार पेरणी करावी लागली. बियाणं खराब होतंच, त्यात कोणाची जबाबदारी किती हा कोर्टकचेरीचा विषय. पण सोयाबीनचं बी मुळातच नाजूक. साल पातळ. पोती आपटली, थरावर थर रचले, मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला की आतला अंकुर मरतो, वरून दाणा टकाटक दिसतो. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवतात ते मोजायचं, एवढी साधी चाचणी. विद्यापीठात ती पहिल्या वर्षाच्या मुलालाही येते. आणि त्या उन्हाळ्यात ती कितीतरी घरांत झाली नाही. दोष शेतकऱ्याचा म्हणायचा? मला तसं म्हणवत नाही.

महाराष्ट्राचा भाग थोडक्यात. १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ मंजूर झालं, अख्ख्या राज्यासाठी एकच. पेन्सिल्व्हेनिया स्टेटचे लोक त्याच सुमाराला इथे होते. पण विद्यापीठ कुठे यावरून विदर्भ आणि मराठवाडा आधीच तापलेले होते, अकोल्यात आणि परभणीत आंदोलनं झाली. १९६९ मध्ये अकोला वेगळं झालं, त्याला पंजाबरावांचं नाव आहे. १९७२ मध्ये परभणी आणि दापोली. एका राज्यात चार विद्यापीठं, हे कुठल्याही अमेरिकन आराखड्यात नव्हतं. ते आपल्या लोकांनी रस्त्यावर उतरून काढलेलं उत्तर होतं, आणि मला ते आवडतं. कोकणातल्या भाताचं आणि वऱ्हाडातल्या कापसाचं दुखणं एकाच ठिकाणी बसून कसं कळणार होतं?

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिका पाकिस्तानच्या बाजूने उभी राहिली, संबंध बिघडले, मदत थांबली, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत हे करार गुंडाळले गेले. प्राध्यापक सामान बांधून गेले. २००५ मध्ये बुश आणि मनमोहन सिंग यांनी कृषी ज्ञानाच्या भागीदारीचा नवा उपक्रम जाहीर केला, पण या खेपेला त्याच्या मंडळावर विद्यापीठांच्या शेजारी मोन्सँटो आणि वॉलमार्टही बसले होते. तो वेगळाच विषय.

जे टिकलं ते इकडून गेलेली आणि परत आलेली माणसं. शेकडो तरुण प्राध्यापक इलिनॉय, ओहायो, कॅन्ससला शिकून आले. परत येऊन नोकरी करायची ही अट होती, आणि बहुतेकांनी ती पाळली. पुढच्या तीस वर्षांतले विभागप्रमुख, पैदासकार, कुलगुरू त्यांच्यातून आणि त्यांच्या विद्यार्थ्यांतून आले. जेएस ३३५ आलं तेव्हा करार संपून वीसेक वर्षं झाली होती.

आणि आता तर तीनशे पस्तीसचीही सद्दी ओसरलीय. परभणीचं एमएयूएस ७१ आलं, ६१२ आलं. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून, म्हणजे राहुरी विद्यापीठाच्या कुटुंबातून, केडीएस ७२६ आलं. त्याला सगळे 'फुले संगम' म्हणतात. ते पसरलं कसं, हे बघण्यासारखं आहे. शेतकऱ्यांनी एकमेकांकडून पायलीने बियाणं नेलं, व्हॉट्सॲपवर शेंगांचे फोटो टाकले, यूट्यूबवर टोकण पद्धतीचे व्हिडिओ केले.

घरी कोणी जुनं माणूस असेल तर एक विचारा: आपल्या रानात सोयाबीन पहिल्यांदा कुठल्या साली पेरलं, आणि त्या वर्षी काय पेरायचं बंद केलं? आणि हे पेरा असं पहिल्यांदा सांगितलं कोणी: ग्रामसेवकाने, दुकानदाराने, पाहुण्याने की शेजारच्याने? उत्तरं व्हॉइस नोटने पाठवा, गावाचं नाव सांगायला विसरू नका. पुढच्या भागात त्यातली काही ऐकवते.